पहिली-दुसरीच्या मुलांना वर्षावनातल्या झाडाचं आयुष्य कसं शिकवावं?

निपाणी भागातल्या एका मराठी प्राथमिक शाळेतल्या ताईंचा प्रश्न आहे. पहिली ते तिसरीची मुलं एकत्र बसतात. परिसर अभ्यासात ‘वर्षावनातल्या झाडाचं जीवनचक्र’ घ्यायचं ठरलं. त्यांनी इंटरनेटवरून ॲमेझॉनच्या कापोक झाडाची चित्रं उतरवली आणि बी, अंकुर, रोप, झाड, फूल, फळ अशी गोलात लावली. मुलांनी दोन दिवसांत पाठ केली. मग एका मुलीनं विचारलं, “बाई, आमच्या रानात पण असंच येतंय की, मग ह्यात वेगळं काय?” त्याला काय उत्तर द्यावं, आणि जंगल नसलेल्या गावात हे शिकवावं तरी कसं, असं ताईंनी विचारलं आहे.

ताई, त्या मुलीचा प्रश्न अगदी नेमका आहे. तिच्या घरी तंबाखू, जोंधळा, सोयाबीन असणार. बी टाकलं, रोप आलं, चार-पाच महिन्यांत पीक निघालं, एवढं जीवनचक्र तिनं दर साली बघितलंय. तुमच्या गोलातही तेच सहा टप्पे आहेत. वर्षावनातल्या पुष्कळ झाडांच्या आयुष्याचा एक मोठा भाग त्या गोलात येतच नाही. तो भाग म्हणजे थांबणं. दाट जंगलात रुजलेलं रोप गुडघाभर वाढतं आणि मग वर्षानुवर्षं तिथंच सावलीत उभं राहतं. डोक्यावरचं एखादं मोठं झाड पडतं, वरून ऊन येतं, तेव्हा ते वर निघतं. म्हातारं झाड पडल्याशिवाय तरण्या झाडाला वाट मिळत नाही. शेत आणि जंगल यांत फरक आहे तो इथं, आणि सहा-सात वर्षांच्या मुलांना तो समजतो. तो करून मात्र दाखवावा लागतो.

कापोकची चित्रं बाजूला ठेवा, असं मी सांगेन. कापोक म्हणजे पांढरी सावर, आपल्या काटेसावरीची नात्यातली. झाड प्रचंड होतं, पण ते उन्हात भराभर वाढणारं आणि कोरड्या दिवसांत पानं गाळणारं आहे, बीही कापसाबरोबर वाऱ्यावर उडतं. घनदाट सदाहरित जंगलाच्या तळाशी जे चालतं ते दाखवायला हे झाड कामाचं नाही. शिवाय ॲमेझॉनपर्यंत जायची गरजही नाही. आपल्याच बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला कणकुंबी, जांबोटी, भीमगडाच्या बाजूला असं जंगल आहे. भीमगडचा भाग 2011 साली अभयारण्य म्हणून जाहीर झाला. मलप्रभा कणकुंबीलाच उगम पावते. शास्त्राच्या भाषेत याला सदाहरित आणि निमसदाहरित जंगल म्हणतात. ॲमेझॉनसारखा बारमाही पाऊस इथं नसतो, चार महिने कोसळतो आणि मग उघाड. मुलांसमोर ‘वर्षावन’ म्हणायला हरकत नाही, पण हा फरक तुम्हाला माहीत असू द्या, कारण आपल्या झाडांचं सगळं वेळापत्रक त्यावर बेतलेलं आहे.

पाऊस किती, हे आकड्यानं सांगून मुलांना काहीच कळत नाही. दोरी घ्या. कणकुंबीला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे चार मीटर दोरी. त्याच जिल्ह्यात अथणीकडे सहाशेच्या आसपास, म्हणजे साठ सेंटिमीटर. दोन्ही दोऱ्या शाळेच्या छताच्या कडेला बांधून सोडा. एक जमिनीवर लोळते, दुसरी मुलांच्या डोक्याच्याही कितीतरी वर लोंबकळत राहते. मग छोटी दोरी सोडून मुलाच्या पायाशी उभी धरा. अथणीचं वर्षाचं पाणी त्याच्या कमरेपर्यंत येतं आणि कणकुंबीचं कौलांच्या वर जातं. हे माप खरंखुरं आहे, पडलेलं पाणी साचलं असतं तर एवढंच उंच उभं राहिलं असतं. नकाशाआधी हे करा.

झाड घ्यायचं ते फणस. तो मूळचा पश्चिम घाटातल्या ओल्या जंगलातला, रानातही आपला आपण येतो, आणि खानापूर-जांबोटीकडचे फणस बेळगावच्या बाजारात येतात, त्यामुळे तुम्हालाही मिळेल. दुसरी सोय अशी की जूनच्या सुरुवातीला शाळा भरते तेव्हाच तो पिकलेला असतो. कोकमाचं झाडही चांगलं आहे, पण पहिल्या वर्षी फणसच घ्या.

शाळेच्या पहिल्या पंधरवड्यात एक अख्खा पिका फणस वर्गात आणा. हाताला, सुरीला खोबरेल लावा, चीक मुलांच्या कपड्यांना लागू देऊ नका. कापण्याआधी मुलांना वरून हात फिरवू द्या आणि सांगा, यातला एकेक काटा म्हणजे एकेक फूल होतं. फणस हे एक फळ दिसलं तरी शेकडो फुलं एकाच दांड्यावर चिकटून वाढलेली असतात. आडवा कापला की मधला दांडा दिसतो, आणि त्याच्या भोवती गरे आणि गऱ्यांच्या मध्ये पांढरट, चपट्या पाती. ज्या फुलात बी धरलं त्याचा गरा झाला, ज्यात धरलं नाही त्याची पात झाली. हे मुलांना स्वतः शोधू द्या. एक गरा उघडायचा, आठळी काढायची. एक पात उघडायची, आत काही नाही. चार-पाच जणांच्या गटाला एकेक फाक देऊन गरे एकीकडे आणि पाती दुसरीकडे लावायला सांगितलं, की फळ म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. खाऊनही होतं.

आता आठळ्यांचे तीन वाटे करा. एक वाटा लगेच पेरायचा. दुसरा खिडकीत उन्हाला वाळत ठेवायचा आणि पाच-सहा आठवड्यांनी पेरायचा. तिसरा मीठ घालून उकडायचा, तो तुमच्या खिचडी-भाताबरोबर जाईल. शेजारी एका कुंडीत घरच्या साठवणीतला जोंधळा पेरा. जोंधळा वर्षभर कोरडा राहिलेला, तरी चार दिवसांत उगवतो. ताजी आठळी दोन-तीन आठवड्यांत उगवते, कधी थोडा जास्त वेळ घेते. वाळवलेली मात्र उगवत नाही. मुलं रोज जाऊन उकरून बघतात, बघू द्या. शेतातलं बी वाट बघू शकतं, कोरड्या डब्यात महिनोन् महिने झोपून राहतं. ओल्या जंगलातल्या पुष्कळ झाडांच्या बिया वाळल्या की मरतात. म्हणून फणस ऐन पावसाच्या तोंडावर पिकतो, खाली पडलेल्या आठळीला लगेच ओल मिळावी म्हणून. बी वाट बघत नाही, रोप बघतं. हे वाक्य मी वर्गात पुन्हा पुन्हा म्हणते, मुलांना ते फार आवडतं.

निपाणीच्या मुलांसाठी याला एक जोड आहे, ती सोडू नका. एखाद्याच्या घरून चिमूटभर तंबाखूचं बी मागवा. एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या वर बिया भरतात. ते काळ्या कागदावर ठेवा आणि शेजारी एक आठळी ठेवा. इवल्याशा बीत अन्न जवळपास नाहीच, म्हणून त्याला मोकळं ऊन आणि मऊ वाफा लागतो, आणि ते वाफे किती जपावे लागतात हे मुलांनी घरी पाहिलेलं असतं. आठळीत मात्र झाडानं भरपूर शिदोरी बांधून दिलेली असते. जंगलाच्या तळाशी उजेड इतका कमी असतो, वरच्या शंभरातला एखाद-दुसरा भागच खाली पोचतो, की पहिले काही आठवडे रोपाला त्या शिदोरीवरच काढावे लागतात.

हे सिद्ध करणारा प्रयोग सोपा आहे आणि माझ्या मते सगळ्या पाठात हाच जिवाचा. ताज्या आठळ्यांची दोन रोपं आणि मोहरीच्या दोन वाट्या घ्या. एक रोप आणि एक वाटी व्हरांड्यात उजेडात, दुसरी जोडी वर्गाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, टेबलाखाली. अगदी काळोख नको, मंद उजेड हवा. मोहरी दोन-तीन दिवसांत उगवते. कोपऱ्यातली मोहरी लांबच लांब, पिवळट होते, माना टाकते आणि आठ-दहा दिवसांत आडवी होते. कोपऱ्यातलं फणसाचं रोप हिरवंच राहतं. फारसं वाढत नाही, पण मरतही नाही. दर सोमवारी दोन्हींच्या उंचीएवढा दोरा कापून वहीत चिकटवायला सांगा. मोजपट्टी न येणाऱ्या पहिलीच्या मुलालाही दोरा कापता येतो. काही आठवड्यांनी कोपऱ्यातल्या रोपाचे सगळे दोरे जवळजवळ सारखे दिसायला लागतात. “हे वाढंना झालंय, आजारी हाय का?” असं कुणीतरी विचारतंच. तेव्हा सांगायचं, आजारी नाही, ते थांबलंय. मग ते हळूहळू उजेडाकडे सरकवायचं, एकदम कडक उन्हात नाही, आणि पुढचे दोरे कापत राहायचं.

रोपं वाढवताना एक काळजी. फणसाचं सोटमूळ लवकर खोल जातं आणि त्याला धक्का लागलेला सोसत नाही. पसरट कुंडी नको. दोन लिटरची पाण्याची बाटली वरून कापा, बुडाला भोकं पाडा, माती भरा, आठळी कडेला लागून आडवी पेरा आणि बाहेरून काळा कागद गुंडाळा. कागद सोडवला की मूळ काचेतून बघावं तसं दिसतं. कोंबाच्या आधी मूळ निघतं, हे मुलांना त्यात स्वतः बघायला मिळतं.

पानं आली की भिंग द्या. मोठ्या फणसाचं पान सरळ कडेचं, लंबगोल असतं. पण लहान रोपांच्या पानांना बऱ्याचदा दोन-तीन खाचा असतात. जांबोटीकडच्या एका शाळेत दुसरीतला एक मुलगा ओरडला होता, “गुरुजी, ह्याच्या पानाला बोटं हाईत!” तो आणि त्याचा भाऊ लगेच धावत जाऊन मोठ्या झाडाचं पान घेऊन आले आणि दोन्ही शेजारी ठेवून बसले. झाडालाही लहानपण असतं आणि ते वेगळं दिसतं, ही गोष्ट मुलं अशी मनापासून लक्षात ठेवतात. दांडीवर बारीक गोल वळ्याही दिसतील. पानाच्या कळीवरचं आवरण गळून पडतं तिथं अशी वळी राहते. त्या मोजून रोपाला आजवर किती पानं येऊन गेली याचा अंदाज मुलं करू शकतात.

गणपतीनंतर उघडीप मिळाली की छत्रीचा खेळ घ्या. तिसरीची मुलं छत्र्या उघडून एकमेकांना चिकटून उभी राहतात, ही मोठी झाडं. काळ्या छत्र्या असतील तर उत्तम. पहिलीची मुलं खाली उकिडवी बसतात, हातात पांढरा कागद. आधी बाहेर कागदावरचं ऊन बघायचं, मग छत्र्यांखाली येऊन बघायचं. कागद करडा दिसतो, एखाद्या फटीतून आलेला उन्हाचा कवडसा त्यावर हलतो. मग तुम्ही एका मोठ्या झाडाच्या पाठीवर हात ठेवायचा, त्यानं छत्री मिटून हळूच आडवं व्हायचं. ज्यांच्या कागदावर ऊन पडलं तेवढ्याच मुलांनी हळूहळू उभं राहायचं, आणि सगळ्यात आधी पूर्ण उभं राहील त्यानं ती छत्री उघडायची. बाकीच्यांनी पुन्हा खाली बसायचं. इथं एखादं मूल रडवेलं होतं, “मी पण उठलोतो की.” त्याला समजावायची घाई करू नका. जंगलात हेच होतं, आणि पुढच्या डावात त्याच्या डोक्यावरचं झाड पडू शकतं. खेळ संपल्यावर आडवा पडलेला मुलगा काय झाला, हे विचारा.

हा प्रश्न मी मुद्दाम विचारते, कारण बहुतेक पाठांत झाडाचं मरणच गाळलेलं असतं. लहान मुलांना मरणाचं कशाला सांगायचं, असं शिक्षकांना वाटतं. घाटातल्या पाड्यावरच्या मुलांना काय, शेतकऱ्याच्या मुलांना काय, मरण नवीन नसतं. शाळेच्या मागं किंवा कुणाच्या परसात पडलेला जुना ओंडका शोधा. तुम्ही स्वतः काठीनं तो कलता करा, मुलांनी हात घालायचा नाही, कारण खाली गोम किंवा इंगळी असू शकते. वाळवी, बुरशीचे पांढरे धागे, पावसात अळंबी, भुसभुशीत झालेलं लाकूड, आणि नीट बघितलं तर त्या भुशात रुजलेलं एखादं रोपही. ओंडका माती होताना बघायला सहा-सात महिने मिळाले तर फोटो काढून ठेवा आणि एका ओळीत भिंतीवर लावा.

बिया किती आणि झाडं किती, हेही एकदा घ्या. एका फणसात शंभराच्या वर आठळ्या सहज निघतात. एक झाड वर्षाला कितीतरी फणस देतं, अशी कित्येक वर्षं. तरी जंगल झाडांनी तुडुंब का भरत नाही? काही आठळ्या साळिंदर आणि रानडुक्कर खातात, काही कुजतात, काही उगवून सावलीतच मरतात. जंगल आहे तेवढंच राहायला एका झाडामागं, त्याच्या सगळ्या आयुष्यात, एकच पोर मोठं व्हावं लागतं. अंगणात आठळ्या किंवा खडे पसरून हे खेळता येतं. एक मूल साळिंदर, एक डुक्कर, एक ऊन, एक बुरशी. शेवटी एखाद-दुसरी उरते. उदमांजर, वानर, अस्वल गरे खाऊन बिया दूर नेतात. भीमगड-दांडेलीच्या बाजूला हत्ती येतात, आणि हत्तीच्या लिदीतून रुजलेला फणस हा मुलांचा सगळ्यात लाडका भाग असतो. फणस खोडाला का लागतो, हे इथंच सांगावं: वीस-पंचवीस किलोचं फळ टोकाच्या फांदीला पेलणार नाही, आणि जमिनीवरून चालणाऱ्या मोठ्या जनावरांना ते खोडावर सापडतं.

फुलांचा भाग डिसेंबर-जानेवारीत. गावात फणस असेल त्या घरी जाऊन खोडावरची बोंडं बघायची. गुळगुळीत, बोटाएवढी बोंडं नरफुलांची, ती गळून काळी पडतात. दांडा जाड आणि अंग खरखरीत असेल ते मादीफुलांचं, त्याचाच फणस होतो. झाडाखाली पडलेली काळी बोंडं बघून फळं वाया गेली असं लोक म्हणतात. नरबोंडांचं काम झालेलं असतं. यापेक्षा जास्त या वयात नको.

दोन गोष्टी टाळा. खोडाचे गोल मोजून झाडाचं वय काढायचा उपक्रम पुस्तकांत सर्रास असतो. थंड प्रदेशातल्या झाडांना तो लागू पडतो, आपल्या सदाहरित झाडांत हे गोल बऱ्याचदा स्पष्ट नसतात. वयासाठी माणसं वापरा. हा फणस कुणी लावला, आज्जी लहान असताना तो केवढा होता, हे घरी विचारून यायला सांगा. दुसरं, पावसाळ्यात लहान मुलांना घाटात नेऊ नका. जळवा, निसरडं, चढलेले ओढे, काही दिसतही नाही. जानेवारी-फेब्रुवारीत वनखात्याची परवानगी काढून जंगलाच्या कडेपर्यंत जा, नाहीतर देवाच्या नावानं राखलेलं एखादं जुनं रान बघा. जाता आलं नाही तरी वरचं सगळं शाळेतच होतं.

गोल चित्र वर्षाच्या शेवटी काढा, आणि तुम्ही काढू नका, मुलांना काढू द्या. मोठा रिकामा गोल द्या आणि कुठूनही सुरू करा म्हणा. कुणी आठळीपासून करेल, कुणी पडलेल्या झाडापासून. फक्त एक अट घाला: ज्या टप्प्याला जास्त वेळ लागतो त्याला गोलात जास्त जागा द्यायची. वर्षभर दोरे कापलेली मुलं सावलीतल्या रोपाला अर्ध्याहून जास्त गोल देऊन टाकतात. तुमचं सहा घरांचं चित्र तेव्हा शेजारी लावा आणि कुठलं बरोबर यावर त्यांना भांडू द्या. त्या मुलीला तिच्या प्रश्नाचं उत्तर तिथं तिचं तिलाच मिळेल.

राहता राहिली रोपं. नलीकलीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या पहिली ते तिसरीच्या एकत्र वर्गात मुलं तीन वर्षं एकत्र असतात, याचा फायदा घ्या. आज पहिलीत असलेल्यांनी लावलेलं रोप तिसरीत जाईपर्यंत त्यांच्याच हाताखाली राहतं, आणि नव्यानं आलेल्यांना ते दाखवतात. एप्रिल-मेच्या सुट्टीत पाणी घालायला शाळेजवळची दोन घरं आधीच ठरवून ठेवा. पुढच्या जूनमध्ये पाऊस बसला की बाटली उभी चिरून मातीच्या गोळ्यासकट रोप खड्ड्यात ठेवा, भिंतीपासून आठ-दहा मीटर लांब, आणि शेळ्यांसाठी काट्यांचं कुंपण पहिल्याच दिवशी घाला. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात आठवड्याला पाणी पुरतं. बियांपासून आलेला फणस साधारण पाच ते दहा वर्षांत धरायला लागतो, म्हणजे तुमची आजची पहिली हायस्कूलला जाईल त्या सुमाराला. पाटीवर झाडाबरोबर मुलांची नावं लिहा, आणि आठळी कुठल्या गावच्या फणसाची होती तेही लिहा.